मागचं गेट आणि निळं पापलेट

किस्से गोळा करायला लोक कुठे कुठे हिंडतात. मला नुसता मोबाईल चार्ज करावा लागतो! सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गॅसवरचं दूध उतू जायच्या आत एखादा किस्सा घडतो, त्यावर भांडण होतं आणि अ‍ॅडमिन तो डिलीटही करून टाकतो. लिफ्ट, पार्किंग, कुत्री, गळती. साठत साठत इतके झालेत की कोणी घरी आलं की चहा टाकायच्या आधी मी विचारते, "कुठला सांगू?"

परवा देवगडहून नणंद आली होती. पेपर वाचता वाचता म्हणाली, "वहिनी, ते फेसबुकवर फोटो बदलून सपोर्ट देतात ना, त्याने काय होतं गं?" म्हटलं, बस खाली. हा विषय माझा आहे.

पण आधीच सांगून टाकते. हे सगळं मी काही न्यायाधीशासारखी सांगणार नाही. मी जळते. शलाकावर जळते, आणि उघड जळते. शलाका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची. मोठ्या कंपनीत आहे, केस मोकळे, आवाज गोड, आणि माझ्याहून जेमतेम पाच-सात वर्षांनी लहान असून मला "काकू" म्हणते. तिने ग्रुपवर नुसतं "गुड मॉर्निंग" टाकलं तरी लोक बदाम पाठवतात. त्या लाल हार्टला मी बदामच म्हणते. मी "उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा" असं उपयोगाचं लिहिते, तर त्याखाली कोणीतरी आपल्या मांजरीचा फोटो टाकतो!

*

तर झालं असं. आमच्या सोसायटीला मागच्या बाजूला एक छोटं गेट होतं. गल्लीत उघडायचं. त्या गेटाबाहेर हिरामावशी मासे घेऊन बसायची. जवळच्या दिवाळे गावची कोळीण. आम्ही राहायला आलो तेव्हापासून ती तिथेच. नवऱ्याची होडी केव्हाच विकलेली, मुलगा आजारी, सगळं घर आणि नातीचं कॉलेज त्या एका पाटीवर चाललेलं.

मागच्या वर्षी कमिटीने नोटीस लावली. मागचं गेट कायमचं बंद करायचं, सिक्युरिटीसाठी. खाली बारीक अक्षरात, "तसेच वासाबाबत काही सदस्यांच्या तक्रारी आहेत." मोठं गेट पार दुसऱ्या बाजूला, मेन रोडवर. तिथे बसायला जागा नाही, आणि मासे घ्यायला एवढा वळसा घालून कोण जाणार? गेट बंद म्हणजे मावशीचा धंदा बंद. सरळ हिशेब होता. जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये मत घ्यायचं ठरलं.

मी दिवसभर डोक्यात जुळवाजुळव करत होते. कोणाकोणाला भेटायचं, चेअरमन देसाईंशी कसं बोलायचं. आणि संध्याकाळी बघते तर काय, शलाकाचा डीपी बदललेला! निळ्या चौकटीत निळं पापलेट, खाली अक्षरं, "मी हिरामावशीसोबत."

तासाभरात अर्ध्या ग्रुपचं पापलेट झालं. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांचं. जे लोक लिफ्टमध्ये माझ्या पिशवीकडे बघून नाकाला रुमाल लावायचे, तेही पापलेट! आणि जिने हे सुरू केलं ती शलाका, तिने उभ्या जन्मात माशाला हात लावलेला नाही. शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही!

मी इतकी वर्षं रोज त्या बाईकडून मासे घेतेय. मला कोणी कधी अर्धा बदाम दिला नाही.

*

म्हटलं, आपणही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी सुरमईचं कालवण केलं, भाकरी, सोलकढी, कांदा, ताट मांडलं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि फोटो काढून फेसबुकवर टाकला. खाली मनापासून लिहिलं. मावशी मला मासा कसा निवडून देते, माझ्या बाळंतपणात तिने काळजी कशी घेतली, गेट बंद होऊ नये असं मला का वाटतं. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. कालवण थंड झालं.

तीन लाइक आले. एक आमच्या ह्यांचा. तोही मी मागे उभी राहिले म्हणून. हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी करतात. त्यांना विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

दुसरा लाइक याच नणंदेचा. ती कोणी वारल्याच्या पोस्टलाही अंगठा देते. तिसरा कोण्या अनोळखी माणसाचा, ज्याच्या फोटोत फक्त मोटारसायकल होती.

आणि एकच कमेंट. शलाकाची! "काकू, किती क्यूट!!" त्या कमेंटला सतरा जणांनी बदाम दिले. माझ्या पोस्टला तीन, आणि माझ्या पोस्टखालच्या तिच्या कमेंटला सतरा! मी फोन पिठाच्या डब्यावर आपटला.

*

या सगळ्या पापलेटांमुळे एक भानगड झाली. ग्रुपवर सगळ्यांचे डीपी एकसारखे. मी चॅट उघडताना नाव वाचत नाही, चित्र बघते. चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. शेजारची वैशाली म्हणजे गुलाब, देसाई म्हणजे त्यांचा पासपोर्ट फोटो, असं माझं पाठ होतं. आता सगळीकडे मासळी बाजार!

एक दिवस चिडून वैशालीला मेसेज केला. "ही शलाका बघितलीस का? बोंबील आणि भेंडी यातला फरक कळत नाही आणि निघाली कोळणीला वाचवायला! नुसता शो!! आणि केस बघ, फोटोसाठी धुतलेत!"

पाठवला. उत्तर आलं, ते शलाकाकडून.

म्हटलं, आता ही ग्रुपवर टाकणार, आता भांडण, आता लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवायचं. चष्मा शोधून आणून वाचलं. लिहिलं होतं, "काकू हाहाहा! खरंय, मला फरक कळत नाही. शिकवाल का? तुम्ही किती फ्रँक आहात, आय लव्ह इट." आणि तीन बदाम.

सांगा आता! एवढं बोललं तरी बाई चिडत नाही. माझ्यावर कोणी असं लिहिलं असतं तर मी त्या माणसाशी लग्नकार्यातही बोलले नसते. म्हणजे चांगुलपणातही ती माझ्या पुढे!

*

डीपीच्या पाठोपाठ सेल्फी आले. रविवारी सकाळी गेटाबाहेर ही गर्दी! पण पिशवी कोणाकडेच नाही, सगळ्यांच्या हातात फोन. मावशीला मधे बसवायचं, पापलेट तिच्या हातात द्यायचं, ओठांचा चंबू करायचा, फोटो. बी विंगमधली एक मुलगी तर मावशीला म्हणाली, "आजी, जरा सॅड लुक द्या ना."

मावशी बिचारी आधी हौसेने देत होती. पदर सारखा करत होती. मग मासे उन्हात मऊ पडायला लागले. गिऱ्हाईक म्हणून मी एकटी, आणि माझ्यापुढे फोटोवाल्यांची रांग. माझीच मावशी, आणि तिच्याशी बोलायला मला रांग!

शेवटी तिचा पारा चढला. कोयती फळीवर आपटली. "सगल्यांचे फोटून माजा मावरा दिसतो, पिशवीन कोनाचे दिसत नाय! आदी घ्या, मंग दात काडा!"

तेव्हापासून नियमच झाला. घेतल्याशिवाय फोटो नाही. पुढच्या रविवारी रांग एकदम आखडली. उरलेल्यांत एक गृहस्थ होते, त्यांनी सगळ्यात स्वस्त काय ते विचारून मूठभर जवळा घेतला, फोटो काढला, आणि जवळा तिथेच गेटावर वॉचमनला देऊन वर गेले.

वॉचमन बिहारचा. तो मला विचारतो, "भाभी, इसका क्या करने का?" मी त्याला कांदा घालून परतायला शिकवलं. या सगळ्या चळवळीतून जेवायला मिळालेला तो एकटा माणूस.

*

आता जे सांगते, ते मला अजून लागतं.

धंद्याची पहिली विक्री म्हणजे भवानी. मावशी भवानीला फार मानते. पहिलं गिऱ्हाईक ज्याच्या हातचं, तसा दिवस जाणार. ती पहिली नोट पाटीला लावते, कपाळाला लावते, मग कनवटीला. आणि ही भवानी इतकी वर्षं माझ्या हातची! मी खाली जाईपर्यंत ती दुसऱ्या कोणाला वाटा देत नसे. "थांबा, मंगलबाय येवदे," असं लोकांना सांगायची. माझ्या माहेरीसुद्धा माझ्यासाठी कोणी एवढं थांबलेलं नाही.

एका सकाळी गेले, नोट पुढे केली. तिने घेतली आणि सरळ डब्यात टाकली. पाटीला नाही, कपाळाला नाही.

"भवानी झाली?" मी विचारलं.

"झाली ना. ती वरची पोरगी करून गेली."

"कोण, शलाका? ती मासे कुठे खाते?"

मग मावशीने सांगितलं. शलाका जॉगिंग करून येताना थांबली आणि नोट पुढे केली. म्हणाली, "असंच ठेवा मावशी, सपोर्ट म्हणून." मावशी म्हणाली, "तशी फुकटची भवानी नाय चालत गो. कायतरी घेवाला लागल." शलाका म्हणाली, मासे तर मी खात नाही. मावशीकडे हाताचा वास घालवायला दोन लिंबं असतात. त्यातलं एक तिने शलाकाला विकलं. लिंबाची भवानी!

इथवर मी सहन केलं असतं. पण त्या दिवशी कधी नव्हे ते दहा वाजायच्या आत पाटी रिकामी झाली. मावशीची खात्री पटली. मला म्हणते कशी, "तुजा हात बरा हाय मंगलबाय. पन त्या पोरीचा हात म्हंजे हात!"

इतक्या वर्षांचा माझा हात "बरा"! दुसऱ्या दिवसापासून शलाका रोज जॉगिंगहून येताना लिंबू घ्यायची, मग मी. मी खिडकीत उभी राहून वाट बघायचे, ही पांढरे बूट घालून कधी येते. माझ्या आधी तिचं लिंबू व्हायचं, आणि मग माझी सुरमई. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिच्या घरी लिंबं लागत असतील."

*

मग मीही काय केलं, जनाबायकडे गेले. गल्लीच्या पलीकडच्या सोसायटीच्या गेटाशी तीही बसते. तीही दिवाळ्याचीच, हिरामावशीच्या घरापासून दोन घरं सोडून. मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक बघून खूश होईल. तर ती माझ्यावरच उखडली.

"सगले फोटू हिरीचे! हिरीला काय शिंगा हायेत?"

मी म्हटलं, "अगं, तिला तिथून उठवतायत म्हणून ते चाललंय."

"मंग मना पन कोनी उठवा गो!" जनाबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी काय कदी नको बोललू?"

तिची समजूत काढता काढता नाकी नऊ आले. तिला काही उठवणार नाहीत, हे तिचं नशीब आहे, असं मी सांगायला गेले तर म्हणाली, "कसला नशीब! येक पन पोरगी फोटू काडत नाय." मी तिचा एक फोटो काढला. तेवढ्यावर ती विरघळली आणि मला बांगडे दिले. घरी केले. ह्यांनी एक बांगडा ताटाच्या कडेला तसाच ठेवला आणि वरणभात मागितला.

दुसऱ्या दिवशी हिरामावशीसमोर मी पिशवी घेऊन उभी. तिने माझ्याकडे न बघता कोळंबी सोलत विचारलं, "जनीकरचं बांगडं घेतलंस ना? डोलं लाल व्हतं? म्हंजे शिलं!"

दिवाळ्यात व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. तिथे बातमी आधीच पोचलेली असते.

पण खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हिलाही लागलं. माझ्यावरून कोणालातरी जळायला झालं!

*

शेवटी मीटिंगचा दिवस आला. आदल्या दिवशी ग्रुप नुसता पेटला होता. "वी स्टँड विथ हिरामावशी." मुठी, बदाम, हात जोडलेले, मासे, लाटा. वाचून मलाही वाटलं, गेट काही बंद होत नाही. मी मावशीला सांगूनही आले, "घाबरू नको." ती म्हणाली, "मी कशाला घाबरू, तुमी सगली हाव ना!"

क्लबहाऊसमध्ये गेले तर खुर्च्या रिकाम्या. लोक घरूनच सपोर्ट देत होते! क्लबहाऊस तळमजल्यावर, लिफ्ट चालू, आणि ग्रुपवर मेसेज येतायत, "फुल सपोर्ट फ्रॉम सिक्स्थ फ्लोअर!" "ऑल द बेस्ट, मालिका चालू आहे!"

जे आले होते, त्यांतले बरेचसे गेटाच्या बाजूच्या खिडक्यांवाले, वासाची तक्रार करणारे. देसाईंनी विषय वाचला. देसाई माणूस शिस्तीचा, टेबलावर फोन उताणा ठेवलेला, त्यावर त्यांचंही निळं पापलेट. मी उभी राहिले, म्हटलं, "देसाईसाहेब, तुमच्या डीपीवर मावशी आहे, मग गेट बंद कसं करता?"

देसाई शांतपणे म्हणाले, "वहिनी, मावशीला माझा पूर्ण सपोर्ट आहे. गेट हा वेगळा विषय आहे."

सगळ्यांना हे इतकं पटलं की दोघांनी टाळ्या वाजवल्या! मग एकेक जण तेच बोलायला लागला. मावशीबद्दल आदर, गेट वेगळं. मावशी म्हणजे संस्कृती, गेट वेगळं. मी किती ओरडले, की अहो मावशी त्या गेटातूनच जगते! पण लोकांनी दोन्ही गोष्टी कापून वेगवेगळ्या ठेवल्या होत्या.

हात वर करायची वेळ आली. मागे बसलेल्या मासे खाणाऱ्यांनी माझ्या बाजूने हात वर केले, आणि मोजले तर बरोबर निम्मे निम्मे. आणि तेवढ्यात सेक्रेटरीच्या फोनमधून टुंग आवाज आला. शलाका! ती ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेली होती, तिथून ऑनलाइन हजर होती. नेटवर्क नाही म्हणून कॅमेरा बंद. तिने बटण दाबून तो पिवळा हात वर केला होता.

देसाईंनी चष्मा वर सरकवून तो हात बघितला. म्हणाले, "नियमात हात म्हणजे खांद्यापासून निघालेला हात. हा धरता येणार नाही." निम्मे निम्मे झाले तर चेअरमनचं मत जास्तीचं. तेही गेट बंदच्या बाजूचं. झालं.

काय सांगू, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? शलाकाचा हात धरला नाही, याचा मला आनंद झाला! बदाम चालतात, पण हात चालत नाही, असं मी मनात म्हणालेसुद्धा. दुसऱ्याच क्षणी कळलं की तो हात धरला असता तर मावशी वाचली असती. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. चहा आला, वेफर्स आले.

*

सकाळी मावशीला सांगायला मीच गेले. दुसरं कोण जाणार? तिने ऐकून घेतलं. जरा वेळ पाटीवरच्या माशा हाकलत राहिली. मग म्हणाली, "सगली व्हती ना गो तुमी?"

मी म्हटलं, "होती. घरी होती."

"जाव दे," ती म्हणाली आणि मला पापलेट साफ करून दिलं. हात नेहमीसारखेच चालत होते. डोळे मात्र वर केले नाहीत.

गेटाला वेल्डिंग झालं, त्या दिवशी ग्रुपवर रडारड. सगळ्यांची पापलेटं निळ्याची काळी झाली. शलाकाने बंगलोरच्या एअरपोर्टवरून लांबलचक लिहिलं, "एक गेट बंद होतं तेव्हा." बदामांचा नुसता पाऊस! मी त्या मीटिंगमध्ये खांद्यापासून हात वर केला होता, घसा बसेपर्यंत बोलले होते, त्याबद्दल एक अक्षर नाही. तिच्या पोस्टवर मी पण बदाम दिला. न देऊन सांगते कोणाला? यादीत माझंच नाव दिसलं नसतं.

मावशी गल्लीच्या पलीकडे गेली. जनाबायच्या शेजारी बसायला लागली. चार दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, मग एकाच छत्रीखाली बसायला लागल्या. त्या सोसायटीत मावशीसाठी कोणी डीपी बदलला नाही, कोणी कविता केली नाही. तिथल्या लोकांना तिचं नावही धड माहीत नाही. येतात, माशांची गालफडं बघतात, घासाघीस करतात, घेऊन जातात. तिचं बरं चाललंय. मी वळसा घालून जाते. पाय दुखतात, पण जाते. शलाकाही जॉगिंगचा रस्ता बदलून जाते म्हणे!

*

आणि आता हा शेवटचा. गटारीच्या आधीच्या रविवारचा.

श्रावण लागायचा म्हणजे महिनाभर मासे बंद. त्यामुळे त्या रविवारी सगळ्यांना मासळी हवीच. आमची अख्खी सोसायटी छत्र्या घेऊन गल्लीच्या पलीकडे! तिकडच्या वॉचमनने आमची रांग वेगळी लावली. "आधी आमचे मेंबर, मग बाहेरवाले." काही महिन्यांपूर्वी ज्यांनी गेट वेगळं, मावशी वेगळी केलं होतं, ते सगळे चिखलात उभे. मी पुढून चौथी.

देसाई आले. हातात पिशवी, चेहरा प्रसन्न. रांगेकडे बघितलंच नाही, सरळ मावशीसमोर. त्यांनी म्हणे आदल्या दिवशीच तिला मेसेज केला होता. मावशी आता फोन वापरते, नातीने शिकवलंय. मेसेज असा, "मावशी, जावई येतोय. मोठी दोन पापलेटं बाजूला ठेवा. आमचा सपोर्ट तुम्हाला होताच."

"मावशी, माझी पापलेटं?" देसाई म्हणाले.

मावशीने हात पुसले. कमरेचा फोन काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनाही दिसला. तिचा डीपी बदललेला होता. निळी चौकट. मधे देसाईंचा पासपोर्ट फोटो. खाली अक्षरं, "मी देसाई साहेबांसोबत."

खरं सांगू? मी पुन्हा जळले. इतकी वर्षं मी तिची मंगलबाय, वळसा घालून येणारी, मीटिंगमध्ये घसा फोडणारी. आणि डीपीवर देसाई! माझा फोटो तिने कधी डीपीच्या जवळसुद्धा नेला नव्हता.

देसाई तर हरखलेच. इकडे तिकडे बघत, लोकांना दिसावं म्हणून जरा बाजूला झाले. "अरे वा! वा! थँक्यू हं मावशी!" मग पिशवी उघडून पुढे धरली. "आणि पापलेटं?"

मावशीने फोन पुन्हा कमरेला खोचला, कोयती उचलली आणि पुढच्या बाईची कोळंबी तिच्या पिशवीत ओतली.

"पापलेटा? ती सकालीच इकली," ती म्हणाली. "पन माजा तुमाला फुल सपोट हाय, साहेब!"